नेट सगळ्यांना सारखं का हवं? नेट न्यूट्रॅलिटी, नेटबंदी आणि आपला हक्क

जालना : २६ फेब्रुवारी २०२४, सोमवार. मराठा आरक्षण आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. तीर्थपुरीत एसटी बस जाळण्यात आली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत इंटरनेट दहा तासांसाठी बंद झालं. आंदोलनात असलेल्याचं नेट गेलं, तसं आंदोलनाशी काही संबंध नसलेल्याचंही गेलं. मराठा, ओबीसी, दलित, बंजारा, मुस्लिम, सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी चक्र फिरत राहिलं.

बंद होताना नेट कुणाची जात विचारत नाही. पण चालू असताना ते सगळ्यांशी सारखं वागतं का? वागावं असा नियम आहे का? आणि नियम असूनही कुणाच्या वाट्याला कमी नेट येतं? मोबाइल प्रत्येकाच्या हातात आला तरी हे प्रश्न गावात फारसे बोलले जात नाहीत. त्याची माहिती येथे एकत्र देत आहोत.

थोडक्यात महत्त्वाचं

- नेट पुरवणाऱ्या कंपनीने कोणत्याही वेबसाइट किंवा अ‍ॅपला झुकतं माप देऊ नये, अडवू नये, मुद्दाम हळू करू नये, याला ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणतात. मराठीत ‘नेट समानता’ म्हणता येईल.
- भारतात ८ फेब्रुवारी २०१६ पासून वेगवेगळ्या अ‍ॅपसाठी वेगवेगळा नेट-दर लावायला बंदी आहे.
- २०१८ पासून नेट समानतेची अट कंपन्यांच्या परवान्यातच घातलेली आहे.
- हा नियम कंपन्यांसाठी आहे. सरकारी नेटबंदी, रेंज नसणं, रिचार्जचा खर्च आणि घरात बाईच्या हाती फोन नसणं हे प्रश्न त्यात येत नाहीत.

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे नेमकं काय?

समजा, गावाकडून जालन्याच्या मोंढ्याकडे जाणारा रस्ता एका ठेकेदाराच्या ताब्यात आहे. तो म्हणाला, “अमक्या आडत दुकानाकडे माल नेणारं ट्रॅक्टर फुकट सोडतो, बाकीच्यांनी टोल भरा.” आता शेतकरी भाव बघून दुकान निवडणार नाही, टोल बघून निवडणार. ज्या दुकानाची ठेकेदाराशी हातमिळवणी, त्याचा धंदा चालणार. नवीन, छोट्या दुकानदाराकडे कुणी फिरकणार नाही.

इंटरनेटचंही तसंच आहे. मोबाइल कंपनी म्हणजे रस्ता. यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप, बातम्यांची पोर्टल, सातबाऱ्याची वेबसाइट, हवामानाचं अ‍ॅप ही रस्त्यावरची दुकानं. रस्तेवाल्याने रस्त्याचे पैसे जरूर घ्यावेत, पण तुम्ही कोणत्या दुकानात निघालात ते पाहून दर किंवा वेग बदलू नये. अमेरिकेतील कायद्याचे अभ्यासक टिम वू यांनी २००३ मध्ये या तत्त्वाला ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’ असं नाव दिलं.

दहा वर्षांपूर्वी ‘व्हॉट्सअ‍ॅप पॅक’, ‘फेसबुक पॅक’ मिळायचे, ते अनेकांना आठवत असतील. थोड्या पैशांत तेवढं एकच अ‍ॅप चालायचं, बाकी नेट बंद. त्यावेळी ती सोय वाटायची. पण असा पॅक घेणाऱ्यासाठी इंटरनेट म्हणजे तेवढंच एक अ‍ॅप. ज्याच्याकडे पूर्ण पॅकचे पैसे नाहीत, त्याला जगाचा एकच दरवाजा उघडा, आणि तोही कंपनीने निवडलेला.

‘महाराष्ट्रातला गणेश’ आणि फुकट नेटचा वाद

हा वाद आपल्या राज्याच्या फार जवळून गेला आहे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्ससोबत ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा भारतात आणली. सुरुवात झालेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. मोजक्या वेबसाइट नेटपॅकशिवाय फुकट बघता येतील, अशी ही योजना होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एअरटेलने ‘एअरटेल झीरो’ जाहीर केलं. त्यात अ‍ॅपवाल्या कंपनीने पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते अ‍ॅप फुकट मिळायचं. याच सुमारास दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, लोकांची मतं मागवली होती. नेट समानतेच्या बाजूने दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे गेले. फ्लिपकार्ट एअरटेल झीरोमध्ये जाण्याच्या बेतात होती, तिने माघार घेतली.

फेसबुकने मात्र योजनेचं नाव बदलून ‘फ्री बेसिक्स’ केलं आणि मोठी जाहिरात मोहीम काढली. २८ डिसेंबर २०१५ रोजी फेसबुकचे प्रमुख मार्क झुकेरबर्ग यांनी एका मोठ्या इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात त्यांनी महाराष्ट्रातील गणेश नावाच्या शेतकऱ्याचं उदाहरण दिलं. हा शेतकरी फ्री बेसिक्सवर हवामान पाहतो, शेतमालाचे भाव पाहतो, त्यामुळे त्याला फायदा होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. असा शेतकरी जोडला गेला तर कुणाचं काय बिघडतं, असा त्यांचा सवाल होता.

सवाल वरवर बिनतोड होता. फ्री बेसिक्सला विरोध करणारे बहुतेक शहरातले, इंग्रजी शिकलेले, ज्यांच्या घरी आधीच नेट आहे असे लोक. “ज्यांचं पोट भरलेलं आहे ते गरिबाचं ताट ओढत आहेत,” अशी टीका त्यांच्यावर झाली. म्हणजे हा वाद फक्त तंत्राचा राहिला नाही. गावचा कोण, शहरचा कोण, गरिबाच्या वतीने बोलणार कोण, असा ओळखीचा वाद झाला.

पण एक गोष्ट या गोंधळात मागे पडली. शेतकऱ्याच्या नावाने एक बाजू बोलत होती आणि शेतकऱ्याच्याच नावाने दुसरीही. इंग्रजी दैनिकाच्या पानावर खुद्द शेतकरी कुठेच बोलत नव्हता. कोणत्या वेबसाइट त्याच्या कामाच्या, हे ठरवणारी यादीही त्याने केलेली नव्हती. जाफराबादच्या शेतकऱ्याला यादीबाहेरच्या बाजार समितीचा भाव हवा असेल, मंठ्याच्या विद्यार्थ्याला यादीबाहेरची सराव परीक्षा हवी असेल, तर त्याने काय करायचं? ‘गरिबाला एवढं पुरे’ असं दुसऱ्याने ठरवणं, हीच विरोधकांची खरी हरकत होती.

नियम झाला, त्यात काय आहे?

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निर्णय दिला. कोणती वेबसाइट किंवा अ‍ॅप पाहता यावरून नेटचा दर कमी-जास्त करता येणार नाही. नियम मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. आणीबाणीच्या प्रसंगी तातडीच्या सेवांसाठी सवलत ठेवली. तीनच दिवसांत फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून मागे घेतलं.

त्याच दिवसांत फेसबुकच्या संचालक मंडळावरील मार्क अँड्रीसन यांनी भारताच्या निर्णयावर टीका करताना, वसाहतवादाला विरोध करूनच भारताचं आर्थिक नुकसान झालं, अशा अर्थाचं विधान ट्विटरवर केलं. देशभर संताप उसळला. त्यांना माफी मागावी लागली आणि झुकेरबर्ग यांनाही त्या विधानापासून हात झटकावे लागले.

पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने सविस्तर शिफारशी केल्या आणि ३१ जुलै २०१८ रोजी दूरसंचार विभागाने त्या स्वीकारल्या. त्यानुसार कंपन्यांच्या परवान्यात तशी अट घालण्यात आली. आता कंपनीला एखादी वेबसाइट अडवणं, मुद्दाम हळू करणं किंवा दुसरीला जास्त वेग देणं हे तिन्ही मना आहे. कायद्याने किंवा न्यायालयाच्या आदेशाने घातलेली बंदी, नेटवर्कची वाजवी देखभाल आणि काही खास सेवा यांना त्यातून वगळलं आहे.

“मग गरीब नेटविना राहिला का?” याचं उत्तर त्याच वर्षी मिळालं. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात आलं, स्पर्धा लागली आणि नेटचे दर कोसळले. गावच्या माणसाला यादीतल्या ठरावीक साइट नव्हे, पूर्ण इंटरनेट मिळालं. आज पार शेताच्या बांधावरून यूट्यूबवर फवारणीची माहिती बघितली जाते, ती कोणत्याही कंपनीच्या फुकट यादीमुळे नाही.

ओळखीच्या राजकारणाशी याचा काय संबंध?

सार्वजनिक जागा सगळ्यांना खुली असावी, हा लढा महाराष्ट्राला नवा नाही. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या केल्या. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, तेव्हा तो हक्क प्रत्यक्षात बजावला गेला. न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडलं. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते, दुकानं यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून भेदभाव करता येणार नाही, असं लिहिलं गेलं.

या कलमात इंटरनेट नाही, पण विचार तोच आहे. ज्या वाटेवाचून माणसाचं चालत नाही, त्या वाटेच्या तोंडाशी कुणी द्वारपाल बसू नये. आणि महाडचा दुसरा धडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे : कागदावर समानता येणं आणि ती हातात पडणं यात मोठं अंतर असतं.

खुलं नेट दुबळ्या आवाजाला किती उपयोगी पडतं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीला मोठ्या माध्यमांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी पत्रकं, ई-मेल आणि ब्लॉगवरून ती माहिती फिरवली. त्यांना कुठल्या संपादकाची परवानगी लागली नाही.

९ ऑगस्ट २०१६ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला. पुढे राज्यभर निघालेल्या मूक मोर्चांचे निरोप व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरून गावोगाव गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, त्याचे व्हिडिओ काही तासांत राज्यभर पोहोचले. जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यातील वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषणाला बसले. त्यांचंही म्हणणं मोबाइलवरूनच थेट गेलं. २०२५ मध्ये बंजारा समाजाने हैदराबाद गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीची मागणी पुढे आणली, तेव्हाही निरोपाचं साधन तेच.

अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही गावं एकमेकांपासून काही किलोमीटरवर. मागण्या एकमेकींच्या विरोधात. पण दोन्ही बाजूंना लागणारा रस्ता एकच. उद्या कंपनीने ठरवलं की अमक्या पक्षाचं चॅनेल फुकट आणि तमक्या समाजाचं चॅनेल हळू, तर आज एकाचं नुकसान होईल, उद्या दुसऱ्याचं. म्हणून नेट समानता ही कोणत्या एका जातीची मागणी होऊ शकत नाही. एकमेकांशी न पटणाऱ्या सगळ्यांनाच ती लागते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आता ओळखीचा पुरावासुद्धा नेटवर आला आहे. ७ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यानंतर मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधल्या गेल्या आणि स्कॅन करून वेबसाइटवर टाकण्यात आल्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात वैधतेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा महाडीबीटी अर्ज, सगळं ऑनलाइन. ज्याच्याकडे नेट नाही, त्याला आपली ओळख सिद्ध करायलाही दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.

अमेरिकेत काय झालं?

तिथेही हा प्रश्न वंशाच्या अंगाने चर्चिला गेला. ‘कलर ऑफ चेंज’सारख्या कृष्णवर्णीयांच्या संघटना कडक नियमांच्या बाजूने उभ्या राहिल्या. आमचा आवाज टीव्हीवर नाही, तो नेटवरच आहे, असं त्यांचं म्हणणं. उलट काही जुन्या नागरी हक्क संघटनांना भीती वाटत होती की, नियम कडक केले तर कंपन्या गरीब वस्त्यांत गुंतवणूक करणार नाहीत. २०१५ मध्ये नियम झाले, २०१७ मध्ये रद्द झाले, २०२४ मध्ये परत आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते पुन्हा उडवले. भारतात मात्र हा नियम कायम आहे.

नियम कुठे थांबतो? नेटबंदीचं काय?

नेट समानतेचा नियम कंपनीला बांधतो. सरकार नेट बंद करतं, तेव्हा वेगळे नियम लागतात. २०१७ मध्ये त्यासाठी नियम झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरसंचार कायदा २०२३ खाली नवे नियम आले. त्यानुसार :

- राज्यात नेटबंदीचा आदेश गृह विभागाच्या सचिवांनी द्यायचा असतो. अगदीच अडचण असेल तर त्यांनी अधिकार दिलेला वरिष्ठ अधिकारी आदेश देऊ शकतो, पण २४ तासांत त्याला मंजुरी लागते.
- आदेशात कारण, भाग आणि कालावधी लिहिलेला हवा. एक आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही.
- आदेश प्रसिद्ध करावा लागतो.
- पुनर्विलोकन समितीने पाच दिवसांत तो आदेश तपासायचा असतो.

१० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, इंटरनेटवरून बोलण्याचं आणि धंदा करण्याचं स्वातंत्र्य घटनेने संरक्षित आहे. बेमुदत नेटबंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर करावे लागतील. काश्मीरमधील नेटबंदीवरून हा खटला झाला, पण निकाल जालन्यालाही तितकाच लागू आहे.

प्रशासनाचीही बाजू आहे. तणावाच्या वेळी एक खोटा व्हिडिओ, एक भडकाऊ रील गावात आग लावू शकते. अफवेने कुणाचा जीव गेला तर तो परत येत नाही. हे नाकारता येणार नाही. प्रश्न एवढाच, की अफवा रोखण्यासाठी सगळा रस्ता बंद केला की रुग्णवाहिकाही अडते. मोबाइल नेट बंद झालं की यूपीआय थांबतं, ऑनलाइन अर्ज थांबतात, रोजगार हमीच्या मजुरांची मोबाइलवरची हजेरी अडते, बाजारभाव कळत नाही. आणि खोटी बातमी खोडून काढणारी खरी बातमीही पोहोचत नाही.

बंदी बहुतेक वेळा मोबाइल इंटरनेटवर येते. शहरात ज्यांच्याकडे वायरचं ब्रॉडबँड आहे त्यांचं काम अशा वेळी कसंबसं चालतं. खेड्यात वायर क्वचित, मोबाइल हेच नेट. त्यामुळे एकाच आदेशाची झळ सगळ्यांना सारखी लागत नाही.

मग पूर्ण नेट बंद करण्याऐवजी फक्त व्हॉट्सअ‍ॅप किंवा फेसबुक बंद करावं का? संसदेच्या स्थायी समितीने २०२१ मध्ये असा पर्याय तपासायला सांगितला होता आणि ट्रायने जुलै २०२३ मध्ये त्यावर मतं मागवली. बँक, दवाखाना, शाळा चालू राहतील हा फायदा उघड आहे. पण अ‍ॅप निवडून बंद करण्याची यंत्रणा एकदा उभी राहिली की ती उद्या कुणाविरुद्ध वापरली जाईल, हा धोकाही आहे. या वादात नेट समानता आणि नेटबंदी हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात.

घरातलं नेट कुणाच्या हातात?

तिसरा द्वारपाल घरात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशाच्या ग्रामीण भागात ४८.७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. ग्रामीण महिलांमध्ये हे प्रमाण २४.६ टक्के, म्हणजे बरोबर निम्म्याच्या आसपास. त्याआधी २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातील शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के, तर ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के घरांत नेटची सोय होती. त्यानंतर मोबाइल वाढले, पण फोन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या खिशात, हा प्रश्न तसाच आहे.

योजनेचा ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोबाइलवर येतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात एकच फोन असतो आणि तो मुकादमाशी बोलायला लागतो. मुलीला फोन दिला तर ‘बिघडेल’ म्हणून दिला जात नाही. केरळमध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने वसतिगृहातील मोबाइलबंदीविरुद्ध दाद मागितली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकलं. ई-केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवता येत नाही अशा अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

भाषाही एक कुंपण आहे. देवनागरीत ‘.भारत’ हे वेबसाइटचं नाव घेण्याची सोय २०१४ पासून आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. पण आजही अनेक अर्जांत अडचण आली की सूचना इंग्रजीतच येते. मग माणूस मुकाट्याने सेवा केंद्रावर जातो आणि मागतील तेवढे पैसे देतो. गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या आजीसाठी तर मराठीसुद्धा दुसरी भाषा.

हे नियमभंग आहे का? नेहमीचे प्रश्न

*रिचार्जवर सिनेमाचं अ‍ॅप फुकट मिळतं, ते चालतं का?* हो. तिथे अ‍ॅपची वर्गणी कंपनी भरते, पण पाहताना जीबी तुमचेच खर्च होतात. त्या अ‍ॅपचं नेट फुकट किंवा वेगळ्या दराने दिलं तर मात्र प्रश्न येतो.

*दिवसाचा दीड जीबी संपला की नेट रांगतं, हा भेदभाव आहे का?* नाही. वेग सगळ्याच वेबसाइटसाठी सारखा कमी होतो.

*गावात रेंजच नाही, हा नियमभंग का?* नेट समानतेचा नाही, पण तक्रार जरूर करता येते. दुर्गम भागात सेवा पोहोचावी म्हणून कंपन्यांच्या महसुलातून डिजिटल भारत निधीसाठी पाच टक्के आकार घेतला जातो. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची भारतनेट योजना याच निधीतून चालते. आपल्या ग्रामपंचायतीत ते कनेक्शन आलं का, चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारता येतं.

*फेसबुक, यूट्यूब आपल्या पोस्ट दाखवत नाहीत, मग?* हा नियम नेट पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. अ‍ॅप कुणाची पोस्ट वर आणतं आणि कुणाची दाबतं, यावर तो लागू होत नाही. जातीवरून शिवीगाळ करणारी रील जोरात पळते आणि खुलासा मागे राहतो, हा मोठा प्रश्न आहे. पण त्याचा इलाज या नियमात नाही.

तक्रार कशी करायची?

१. आधी कंपनीच्या १९८ क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

२. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करा. त्याला फी लागत नाही.

३. वेग मोजण्यासाठी ट्रायचं ‘मायस्पीड’ अ‍ॅप वापरा. तारीख, वेळ आणि जागेसह स्क्रीनशॉट ठेवा. एकच वेबसाइट हळू आणि बाकी सगळ्या नीट असतील तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवरही तपासा. दोन्हीकडे हळू असेल तर दोष बहुधा वेबसाइटचा.

४. तरीही दाद लागली नाही तर केंद्राच्या पीजी पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार नोंदवता येते.

५. नेटबंदी झाली आणि आदेश कुठे दिसला नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करून गृह विभागाकडे आदेशाची प्रत मागता येते. अर्जाची फी १० रुपये आहे.

६. बंदीच्या काळासाठी थोडी रोकड, सातबारा आणि दाखल्यांच्या छापील प्रती, दवाखाना आणि रुग्णवाहिकेचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा साधा फोन नेटविना लागतो.

शेवटी मुद्दा एवढाच

२०१५ मध्ये ‘महाराष्ट्रातल्या गणेश’च्या नावाने जगभर बोललं गेलं. तेव्हा गावच्या माणसाला विचारायची गरज कुणाला वाटली नाही. आता गावच्या माणसाच्या हातात फोन आहे आणि तो स्वतःच बोलतो. मोर्चाचा निरोप देतो, मोसंबीचा भाव विचारतो, जातीची नोंद शोधतो. त्याने काय पाहावं हे कंपनीने ठरवू नये, याचा नियम झाला. नेट कधी आणि किती बंद करावं याला मर्यादा असाव्यात, हे न्यायालयाने सांगितलं. घरातल्या बाईच्या हातात फोन द्यायचा की नाही, हे मात्र कुठलं न्यायालय घरी येऊन सांगणार नाही. ते ज्याच्या त्याच्या घरात ठरायचं आहे.